आवकमध्ये न चढवलेली तार

दिवाळी अंकवाले म्हणाले नोकरीतले अनुभव लिहा. मी म्हटलं, माही नोकरी झाली पाच वर्षं, मी काय मोठे अनुभव लिहू! तर म्हणे जे आहे ते लिहा, पण लवकर द्या. लवकर म्हटलं की माह्या बोटाले सुरसुरी येते. आमच्या ऑफिसात माहा टायपिंगचा वेग सगळ्यात जास्त आहे. हे मी नाई म्हणत, साहेब म्हणतात, बाकीचे जळतात. हे पण थेट मशीनवरच बडवून राह्यली. मशीनचा 'ळ' वर जाऊन अटकते, दरवेळी बोटानं खाली ओढावा लागते, तर कुठी एखादा सुटला असेल तर समजून घ्या.

ऑफिस शेतीचं आहे, धानाचं. गावाचं नाव नाई लिहत. काऊन ते पुढं कळेलच.

माहं काम दोन. एक टायपिंग, दुसरं आवक-जावक. म्हणजे आलेला प्रत्येक कागद, मंत्रालयातून असो की बाजूच्या गल्लीतून, रजिस्टरात चढवायचा, नंबर टाकायचा, तारखेचा शिक्का मारायचा, मग तो साहेबांच्या टेबलावर. बाहेरच्या माणसाले हा येडेपणा वाटते. पण ऑफिसात असं आहे का जो कागद आवकमध्ये चढला नाई तो कागद आलाच नाई. समोर पडून असला तरी नाई.

एक म्हातारे भाऊ होते, रानडुकरांनी धान खाल्लं म्हणून दर सोमवारी अर्ज आणायचे. मागच्या अर्जाचं काय झालं ते कधी विचारत नसत. फक्त म्हणत, "बाई, माह्या डोळ्यासमोर चढव." मी चढवायची, शिक्का मारायची. ठप्प आवाज झाला की भाऊ मान हलवत, "आता आला," म्हणत आणि निघून जात. मले लई हसू यायचं. आता नाई येत.

आमच्या गावात पहिला टीव्ही आला त्या साली नीमा आली. टांझानियाची. नागपुराकडं शेतीच्या कॉलेजात शिकत होती आणि जुन्या धानाच्या जातींवर तिचा अभ्यास होता, म्हणून दोन महिने आमच्याकडं धाडली. माह्याच वयाची. साहेब म्हणाले, तुमचं इंग्रजी बरं आहे, तुम्हीच पाहा तिच्याकडं. झालं! पहिल्या आठवड्यात आमची दोस्ती. राहायची ऑफिसाच्या पाहुण्यांच्या खोलीत, पण जेवायले आमच्या घरी. माहे बाबा रिटायर मास्तर, ते तिले "पोरी" म्हणत आणि नकाशा काढून तिचं गाव शोधत. तिच्या गावात पण धानच. आई धान कांडते म्हणे अजून, मशीन आली तरी. आईची गोष्ट निघाली की नीमाचं इंग्रजी धावायले लागायचं आणि मधातच तिची भाषा सुरू व्हायची. मले काही समजायचं नाई तरी मी ऐकत बसायची.

नव्या धानाच्या दिवसांत तिचा दौरा ठरला. कुरखेड्याच्या पुढं, जंगलात, एका गावात रायजाबाई म्हणून गोंड बाई होत्या, नवरा वारलेला, एकट्या शेती करत. आसपास कुठी नाई अशा जुन्या जातींचं बियाणं त्यांच्या घरी होतं. कापणीच्या आधी उभ्या पिकातून लोंब्या तोडून पाकिटात घालायच्या, वर चिठ्ठी चिकटवायची. चार दिवसांचं काम. मुलगी एकटी कशी धाडायची, म्हणून संगं मी. माह्या नोकरीतला पहिला दौरा! मी नवी थैली शिवली त्यासाठी.

निघायच्या सकाळी जीप सुरू होती, नीमा आत बसून मले हात करून राह्यली होती, आणि तारवाला आला.

तार नीमाची होती. आधी तिच्या होस्टेलवर गेली, तिथून फिरून इकडं. आठ दिवस जुनी. मी आवकवाली, मी वाचली. इंग्रजीत चार-सहा शब्द. आई वारली. आता निघू नको. पत्र मागून येते.

आता मी खरं खरं लिहते. साहेब बाहेरगावी होते. रजिस्टर समोर उघडं होतं. पेन हातात होता. मी मनात म्हटलं, आई तर आठ दिवसांमागं गेली, माती झाली असेल. आत्ता सांगितलं तर दौरा गेला, पीक कापून जाईल, पोरीचं वर्ष गेलं. चार दिवसांनी सांगू. हे सगळं मी तिच्यासाठी करून राह्यली असं मीच मले सांगितलं. पण त्याच्या खाली एक होतं, ते हे का मले जीपमध्ये बसायचं होतं.

मी तार चढवली नाई. कार्बन पेपरच्या फोल्डरमध्ये घातली, फोल्डर थैलीत घातला, रजिस्टर बंद केलं. चढली नाई म्हणजे आली नाई.

जीप आमचे ड्रायव्हर गजूभाऊ चालवत होते. आरमोरी गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, चारही चाकं लाथेनं ठोकून पाहिली.

"काय झालं भाऊ?"

"काही नाई. आज गाडी काऊन जड चालून राह्यली? तिघंच त आहोत."

नीमानं विचारलं काय म्हणतात. मी म्हटलं, रस्ता खराब आहे म्हणतात. थैली माह्या मांडीवर होती.

नाल्यापाशी जीप ठेवली आणि पुढं पायी. दुपार टळून राह्यली होती. दोन्हीकडं मोहाची झाडं, त्याच्यामागं बांबू, आणि आवाज कसलाच नाई. पाखरू नाई, किडा नाई. माह्या कानाले मशीनच्या खडखडाटाची सवय, मले शांततेचा त्रास होते. गजूभाऊ पण गप झाले, नाईतर त्यांचं तोंड बंद नसते.

रायजाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. बारीक, काळ्या, केस पांढरे, हातात पाण्याची घागर. गावातली पोरंसोरं नीमाकडं डोळे फाडून पाहत होती. रायजाबाईनं मात्र तिचे दोन्ही हात घेतले, उलटे केले, तळव्यावरून अंगठा फिरवला. एका जागी थांबल्या.

"हे धान कांडलेली पोर हाय," मले म्हणाल्या. "सांग तिले, माहं मुसळ लई दिवसांपासून एकलंच हाय."

मी सांगितलं. नीमा इतकी खुश झाली का तिनं त्यांना मिठीच मारली. बाई हसल्या, "अवं सोड, पानी सांडते!"

मग अंगणातल्या दगडावर आमचे पाय धुतले. आधी नीमाचे, मग माहे, मग गजूभाऊ नको नको म्हणत असताना त्यांचे. घागरीचं थंडगार पाणी. झालं म्हणून आम्ही उठलो तर बाई म्हणाल्या, "थांबा जराशा." आत गेल्या. चुलीवरचं पाणी तांब्यात घेऊन आल्या. त्यात बोट घालून पाहिलं. आणि नीमाच्या बाजूच्या रिकाम्या दगडावर हळूहळू, थांबून थांबून ते पाणी टाकलं, जसं कोणाले पोळू नये म्हणून टाकतो तसं.

मी विचारलं, "हे काऊन बाई?"

"पाय सुजले हाय."

"कोणाचे?"

त्यांनी माह्याकडं पाहिलं. माह्याकडं नाई, माह्या थैलीकडं. "चाला, च्या घ्या," म्हणाल्या.

संध्याकाळी आम्हा दोघींसाठी खोलीत चटया टाकल्या. तीन. मी म्हटलं गजूभाऊ तर जीपमध्ये झोपणार आहेत. बाई म्हणाल्या, "मले मालूम हाय."

आमच्या घरात हे काही मानत नाईत. माहे बाबा छप्पन साली दीक्षेच्या वेळी नागपुरात होते. भूतं, अंगात येणं, सगळं तिथंच सोडून आले, आम्हाले पण तसंच वाढवलं. मी अंधाऱ्या बोळातून एकटी जाते, मले काही वाटत नाई. म्हणून मी स्वतःले समजावलं का ही या घरची रीत असेल, पाहुण्याच्या नावानं एक जास्तीचं. असते काही काही ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीमा आणि रायजाबाई धान कांडायले बसल्या. खरं म्हणजे उभ्या. एका उखळात दोन मुसळं, एक वर गेलं का दुसरं खाली. दोघींले एकमेकींची भाषा येत नाई पण ताल असा जमला का जशा जन्मभर संगं कांडून राह्यल्या. मी ओसरीवर पाकिटांच्या चिठ्ठ्या लिहत होती. टायपिंगवाल्याचा कान असा असते का ताल मोजायचा नसला तरी मोजते. कोण नवीन पोरगी मशीनवर बसली ते मी न पाहता सांगते.

धप्. धप्. धप्. धप्.

आणि मग माहा हात थांबला. दोन ठोक्यांच्या मधात तिसरा होता. हलका, थकल्यासारखा, पण नेमका जागेवर. धप्, धप्, आणि एक मागून येणारा. मी वर पाहिलं. दोनच मुसळं. उन्हात दोघींच्या सावल्या पायाखाली. मी कान दाबले, सोडले. तरी तीन. नीमाले ऐकू येत नसेल का? ती तर हसून राह्यली होती, घामाघूम झाली होती, मधातच मले ओरडून म्हणाली, "माझी आई असंच कांडते! अगदी असंच!"

मी थैली उचलली आणि आत गेली. आत गेली तसा तिसरा ठोका बंद. बाहेर दोनच राहिले. रायजाबाईनं मुसळ न थांबवता दाराकडं पाहिलं, मी कुठी गेली ते.

सांगू का, त्याच वेळी मी तार द्यायले पाहिजे होती. हात फोल्डरपर्यंत गेला होता. पण एक दिवस उशीर झाला का दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी कठीण होते, हे कोणत्याही ऑफिसवाल्याले विचारा. दाबलेला कागद दर दिवसानं जड होते.

तिसऱ्या दिवशी त्या घरी नव्याचा सण होता. म्हणजे नवीन धानाचा पहिला भात. रायजाबाईच्या घरची रीत अशी का भात आधी मेलेल्या माणसांना द्यायचा, मग जित्यांनी खायचा. आणि फक्त त्यांच्याच घरच्यांना नाई. त्या छपराखाली जो झोपला असेल, त्याच्या माणसांना पण. नाईतर ते उपाशी कुंपणाबाहेर उभे राहतात म्हणे आणि घरचे आत जेवतात, असं बरं नाई दिसत.

सकाळचं स्वच्छ ऊन होतं. बाईनं पळसाच्या पानाचे द्रोण लावले. आधी स्वतःच्या माणसांचे, नावं घेऊन. मग मले विचारलं. मी म्हटलं, आम्ही हे करत नाई बाई. "नको करू. मी करते," म्हणाल्या. मी आजीचं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, "आता हिले विचार. हिचे किती आन कोन."

मी विचारलं. नीमाले ते लई आवडलं. तिनं तीन सांगितले. आजोबा, आजी आणि लहानपणी तापात गेलेला भाऊ. नावं सांगितली, बाईनं ती तिच्या तोंडून दोन-दोनदा म्हणवून घेतली आणि बरोबर म्हटली. तीन द्रोण लावले. प्रत्येकात भात.

मग चौथा द्रोण घेतला. तो रांगेत नाई लावला. दारापाशी, उंबऱ्याच्या आत, एकटा ठेवला.

नीमा हसत मले म्हणाली, "सांग ना त्यांना, तीनच आहेत."

मले सांगावं लागलं. "बाई, तीनच आहेत तिचे."

"हे तीन जुने," रायजाबाई म्हणाल्या. भात वाढता वाढता, अगदी साध्या आवाजात. "हे रांगेत बसतेत. ते नवी हाय. तिले रांगेत बसाची सवय नाई झाली अजून."

नीमा माह्या तोंडाकडं पाहत होती. दुभाष्याचं काम असं आहे का एकानं बोललं की दुसऱ्याले सांगायचं. तीन दिवस मी धडाधड सांगत होती, बाईचं वाक्य संपायच्या आधी. आता माह्या तोंडातून काही निघेना.

"काय म्हणाल्या?" नीमानं विचारलं.

माहा हात थैलीच्या बंदावर गेला.

"काय म्हणाल्या त्या?"

मी थैली उघडली. फोल्डर काढला. तारेवर कार्बनची निळी बोटं उमटली होती, माहीच. मी ती तिच्या हातात दिली.

तिनं वाचली. उलटी करून पाहिली. मग पुन्हा सरळ केली आणि पोस्टाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "तुझ्याकडे कधी आली?"

"जीप निघायच्या आधी."

"म्हणजे आपण पाय धुतले तेव्हा तुले माहीत होतं." इंग्रजीत म्हणाली, पण मले ते आमच्याच भाषेत आठवते. "मी कांडत होती तेव्हा माहीत होतं. मी म्हटलं माझी आई असंच कांडते, तेव्हा."

"हो."

तिनं मले मारलं असतं तरी चाललं असतं. ती उठली, दारापाशी गेली, चौथ्या द्रोणासमोर बसली. तिच्या मोडक्या मराठीत रायजाबाईले म्हणाली, "मी देऊ? भात, मी?"

बाईनं भाताचं भांडं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, ती रडेपर्यंत आणि रडून झाल्यावर पण.

मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं बाई भांडे घासायले तिकडं आल्या. मी विचारलं, "तुम्हाले कसं कळलं?"

"मले काय कळते? अडाणी बाई मी." राख घेऊन भांडं घासत होत्या. "ते तुह्या थैलीमागं फिरून राह्यली होती. तू उठली का उठे, तू बसली का बसे. पोरीपाशी जाऊ पाहे, पन तू सोडत नोती न."

"मले का नाई दिसली?"

"कोनास ठाऊक. मले वाटलं तुले दिसते, म्हनूनच तू थैली इतकी घट्ट धरून हायस." मग माह्याकडं पाहून म्हणाल्या, "रडू नको वं. आनलं त तूच तिले इथवर. पोरीले कोन आनून देते आई, इतक्या लांबून? फक्त हातात द्याले उशीर केला."

नीमानं उरलेलं काम त्याच दुपारी पुरं केलं. एकही लोंबी सोडली नाई. निघताना रायजाबाईनं तिच्या ओटीत मूठभर बियाणं घातलं, म्हणाल्या, तुह्या गावात पेर, उगवते का पाह. जीपमध्ये नीमा पुढं बसली, मी मागं. मी सारखी वाट पाहत होती का गजूभाऊ म्हणतील आता गाडी हलकी चालते. ते काही म्हणाले नाईत.

घरी बाबाले सांगितलं तर ते जेवले नाईत त्या दिवशी. "भूतंखेतं आपण सोडली," म्हणाले, "पण माणसाची तार दाबून ठेवायची, हे कोणी शिकवलं तुले?" मी तिसऱ्या ठोक्याचं, बाईनं बोट घालून पाहिलेल्या गरम पाण्याचं सांगितलं. त्यावर ते चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी नीमा ऑफिसात आली, माह्या टेबलासमोर उभी राहिली आणि तार रजिस्टरावर ठेवली. तिले ते रानडुकरवाले भाऊ माहीत होते, मीच त्यांची नक्कल करून तिले हसवलं होतं. म्हणाली, "चढव. माझ्या डोळ्यासमोर."

"कोणत्या तारखेला?"

"ती आली त्या तारखेला. रायजाबाईच्या घरी."

रजिस्टरात मधात जागा नसते. मी दोन ओळींच्या बाजूले, समासात, लाल पेनानं लिहिलं. शिक्क्याची तारीख मागं फिरवली, हे नियमात बसत नाई, आणि शिक्का मारला. ठप्प. साहेबांनी नंतर विचारलं, ही समासातली नोंद कायची? मी म्हटलं, माही चूक आहे साहेब. त्यांनी पुढं विचारलं नाई. (साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर आता कळलं असेल.)

त्यानंतर तीन आठवडे ती माह्याशी कामापुरतं बोलली. आमच्या घरी जेवायले यायची, बाबांशी बोलायची, माह्या हातून ताट घ्यायची, बस. मी टाईप करायची तर चुकाच चुका. खोडरबर संपून गेलं.

मग तिच्या मोठ्या भावाचं पत्र आलं. मी हात न लावता पोस्टमनकडूनच तिच्या हातात देववलं, आवकमध्ये मागून चढवलं. तिनं व्हरांड्यात उभं राहून वाचलं. लई वेळ लागला तिले. मग माह्या टेबलापाशी आली आणि पत्र मशीनवर टाकलं.

"माझी डाक तर तूच आधी वाचतेस," म्हणाली. "ही मागून वाच."

पत्र तिच्या भाषेतलं. मी म्हटलं मले नाई येत. तर बोट ठेवून एक-एक ओळ तिनं इंग्रजीत सांगितली. आई महिनाभर आजारी होती. तुले कळवू नका म्हणे, परीक्षा आहे. शेवटच्या दिवसांत तिचे पाय इतके सुजले होते का चप्पल जात नव्हती. कोमट पाण्यात ठेवले का बरं वाटायचं. शेवटच्या दिवशी पण तेच मागत होती, कोमट पाणी. आणायले उशीर झाला.

आम्ही दोघी त्या ओळीपाशी थांबलो. तारेत यातलं काही नव्हतं. मले पण यातलं काही माहीत नव्हतं, रायजाबाईले तर कोण सांगणार! भरदुपार होती, बाकीच्या टेबलांवर खडखड सुरू होती.

नीमानं माह्या मनगटाले धरलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाली, "त्यांनी बोट घालून पाहिलं होतं. आठवते?"

जाताना तिनं सगळं नेलं. पाकिटं, पत्र, रायजाबाईचं बियाणं. तार मले दिली. "ही तू ठेव. ती तुझ्यासंगं आली होती." माहं आणि तिचं बरोबर झालं का, ते मले आजही पक्कं सांगता येत नाई. पत्रं येतात तिची. बियाणं उगवलं म्हणे. मी तिचं प्रत्येक पत्र आवकमध्ये चढवते, घरचं असलं तरी.

आता शेवटचं सांगते आणि मशीन झाकते. मागच्या वर्षी नव्या धानाच्या दिवसांत मी घरी सकाळी अंगणातल्या दगडावर तांब्याभर पाणी टाकत होती. लपूनच. बाबा उठलेले मले माहीत नव्हतं. मागं पाहिलं तर दारात उभे. मले वाटलं आता व्याख्यान ऐकावं लागते. मी म्हटलं, "काही नाई बाबा, अंगण धुवून राह्यली."

ते दगडाकडं पाहत होते. जवळ आले, वाकले आणि तांब्यात बोट घातलं.

"थंड आहे हे," म्हणाले. "जा, गरम करून आण."